निळं कडं

तीन महिने मी पोती आणली:
मका, कारळ्याची पेंड, भाजून कुटलेली हाडं.
गदिसेच्या परसातल्या नऊ होरो कोंबड्या,
तराजू, वही, पायांत रंगीत कडी.

आठवड्याला दोन अंडी देणाऱ्या
चार द्यायला लागल्या. कवच टणक.
गदिसेने एक अंडं कानाशी हलवलं,
म्हणाली, "भरलंय."

फक्त निळ्या कड्याची ती ठिपकेवाली
माझा मोजलेला दाणा टाकून
कुंपणापलीकडचं वारूळ उकरायची.
तिच्या अंड्यातला बलक शेंदरी.
माझ्या वहीत रंगाचा रकाना नव्हता.

मग पैसे संपले.
शांबूच्या बाजारातला पेंडीचा भाव ऐकून
गदिसे नुसती हसली.
महिन्याभरात आठ जणी पुन्हा दोनावर.
मी ओशाळून विचारलं, रुसल्या का?

"रुसतील कशाला?" कॉफीचा तिसरा पेला ओतत ती म्हणाली,
"आत जाईल तेवढंच बाहेर येणार.
धाकट्याच्या वेळी माझं दूधही असंच आटलं होतं.
तेव्हा कुणी वही घेऊन आलं नाही."

उंबऱ्यावर निळं कडं
पाय झाडत उभं,
चोचीत एक वाळवी
अजून वळवळणारी.