चतुःसीमा

चौतीस वर्षं मी सिटी सर्व्हेत होतो.
रावपुरा कुठं संपतो, दांडियाबाजार कुठं लागतो
हे विचारायला वकील यायचे.
मी बोट ठेवायचो. तिथं रेघ असायची.

आता ऋजुता, माझ्या मावसबहिणीची लेक,
मला एका पांढऱ्या नळीत झोपवते,
म्हणते, मधल्या लाल टिंबाकडे बघत राहा काका,
बाकीचं आपोआप होतं.
यंत्र घण घालायला लागतं
आणि टिंबाभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक फाक
काट्यासारखी फिरते.
मी टिंब सोडत नाही.
वैशाखात प्लेन टेबलाला डोळा लावून उभा राहिलेला माणूस मी.

मग चेहरे. घरं. एक किटली. कुणाचा तरी हात.
मगर आली तेव्हा मात्र हसू फुटलं,
विश्वामित्रीच्या काठचे आम्ही,
आणि स्पीकरमधून ऋजुता ओरडली, काका, हललात!

पंधरवड्यानं तिनं नकाशा दाखवला.
मेंदूची मागची बाजू, घड्या मोडून
इस्त्रीच्या रुमालासारखी पसरलेली.
लाल, नारिंगी, पिवळा,
मग हिरवा कधी झाला कळलंच नाही.
चष्मा पुसून मी विचारलं, हद्दीचे दगड कुठायत?

थोडे आहेत, म्हणाली, अगदी मागे,
जिथं नकाशा उलटा फिरतो तिथं आम्ही रेघ मारतो.
पुढं नुसता उतार.
आधी उभ्या-तिरक्या कडा, मग वळणं, मग आकार,
बाहेरच्या अंगाला चेहरे, आत सरकावं तशी घरं,
पण चेहऱ्यांचं गाव संपलं
अशी पाटी कुठंच नाही.

हे मला पटायला वेळ लागला नाही.
आमची मराठीसुद्धा देवघरात सोवळी,
जेवणाच्या टेबलाशी जरा सैल,
आणि फाटकात भाजीवाल्यापुढं
‘अहो जरा कमी करा ना, आ तो बहु मोंघुं छे’.
कुठल्या शब्दावर हद्द ओलांडली
ते मोजणीत येत नाही.

एका गोष्टीवर मी हरकत नोंदवली.
त्या टिंबापुरत्या, नखाएवढ्या जागेला
एवढा ऐसपैस प्लॉट,
आणि कडेच्या सगळ्या जगाला चिंचोळी पट्टी?
हे कुठल्या कायद्यात बसतं?
ती हसली. टक लावून बघायचं तर जमीन जास्त लागते, काका.

मग मी विचारायचं ते विचारलं.

शालनला गेल्या भाद्रपदात झटका आला.
चालते, बोलते, सुडोकू माझ्याआधी सोडवते.
फक्त डावीकडचं वरचं जग तिला नाही.
काळोख नाही, म्हणते, काळोख दिसला असता.

ऋजुतानं पेन टेकवलं ते माझ्याच मेंदूवर,
उजव्या बाजूला, खाचेच्या खालच्या काठावर.
इथं. वरचं खाली असतं, डावं उजवीकडे.
एवढीशी जागा. माझ्याकडे ती निळी होती, भरलेली.
कुणाची तरी जमीन
चुकून माझ्या सातबाऱ्यावर चढल्यासारखी.

घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ उतरवलं,
हातभर खाली ठोकलं, तिच्या उजवीकडे.
ती म्हणाली, जुन्या खिळ्याचं भोक तसंच ठेवलंत ना?
म्हटलं, हो. बघ तर दिसतं का.

ती मान वळवत गेली, सावकाश,
डावीकडे आणि वर.
मी हातात पेन्सिल घेऊन उभा,
दिसलं म्हणेल तिथं खूण करायची म्हणून.
मान थांबली. मी म्हटलं, आलं?

केव्हाचंच, ती म्हणाली.