बाविसाव्या मैलावरचं टेबल

सरोवरावरून धुकं येतंय,
जूनमध्येही बोटं आखडावीत असं.
मी बाटल्या मांडतो. सव्वीस.
धावताना नाव वाचायला सवड नसते,
म्हणून प्रत्येकीनं काल रात्री आपापली खूण केली आहे:
कोंबड्याचं पीस, नारिंगी चिकटपट्टी,
हँगरची तार वाकवून केलेला कान,
आणि एका बाटलीला
तान्ह्या बाळाचा पायमोजा.

आत काय असतं ते नक्की ठाऊक नाही.
एकीनं सांगितलं होतं, मेपलचा पाक, मीठ, थोडी कॉफी.
चाळीस वर्षं मी गोदीवर जहाजांत लोहखनिज ओतलं,
वजनाचा अंदाज हाताला आहे.
या बाटल्या अर्ध्याच भरलेल्या.
जास्तीचा घोटही कुणाला परवडत नाही.

दोन तास सदतीस मिनिटं.
त्याच्या आत जी पोचेल तिला हिवाळ्यात
देशाच्या निवड शर्यतीत उभं राहता येईल.
नुसतं उभं राहता येईल.
तिथून तिघी पुढे जातात, आणि त्या तिघी
आज इथं नाहीतच,
कुठल्याशा उंच डोंगरावर अजून झोपल्या असतील.
इथल्या या,
रात्रपाळीत रक्त तपासणारी मार्निता बेल,
सातवीला गणित शिकवणारी सोल्वेग हाउगेन,
तिथं फार तर ऐंशीव्या येतील, नाहीतर शंभराव्या.
माझ्याआधी हे त्यांनाच ठाऊक.
शंभरावं येण्याची परवानगी मिळावी म्हणून
दोन वर्षं पहाटे चारला उठल्यात.

बायको म्हणायची, हार्लन, याला काय अर्थ आहे?
मी म्हणायचो, टेबलाचं ते टोक धर.

मग पावलं. आधी नुसती पावलंच.
धुक्यातून नऊजणी, इतक्या खेटून
की एकाच श्वासावर चालल्या असाव्यात.
पीस गेलं. नारिंगी गेली.
तारेचा कान बेलच्या बोटात अडकला, निसटला,
बाटली डांबरावरून गटाराकडे घरंगळली.
ती वाकली नाही.
हाउगेननं दोन घोट घेतले,
मान न वळवता हात मागे केला,
आणि बेलनं ती बाटली घेतली,
शेजारणीकडून वाटीभर साखर घ्यावी तशी.
धुकं पुन्हा मिटलं.

नंतर एकेकट्या आल्या.
ज्यांना अजून आशा होती
त्या बाटलीआधी मनगटाकडे बघायच्या.
शेवटी टेबलावर तीन उरल्या. त्यात पायमोजा.

रेनाटा व्हिल्कोश चालत आली.
उभी राहून सगळी बाटली प्यायली,
सावकाश, घरी प्यावं तसं.
"बेल गेली?"
"गेली."
"हाउगेन?"
"तीही. बरोबरच होत्या."
तिनं मान हलवली,
यादीतल्या दोन ओळींवर काट मारावी तशी.
मग मोजा काढून अंगठ्यात घातला.
मी म्हणालो, मागून गाडी येतेय, दमलेल्यांना घेऊन जाते.
ती म्हणाली, "बाळ शेवटच्या रेषेपाशी आहे,
आणि त्याच्या दुधाची वेळ होत आलीय."
आणि पळायला लागली,
आमच्या टेबलापर्यंत आली त्यापेक्षा बऱ्या चालीनं.

दुपारी गटारातून बेलची बाटली उचलली.
झाकण तसंच घट्ट. हातानं सांगतो,
एक थेंबही कमी झाला नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या पोरानं निकाल दाखवला.
बेल: दोन तास छत्तीस मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद.
हाउगेन: दोन सदतीस, वर तीन.
पोरगा म्हणाला, "फक्त तीन?"
आणि मी ते दोन आकडे बराच वेळ पाहत बसलो.

हात मागे जाऊन पुन्हा पुढे यायला
किती वेळ लागतो ते मी मोजलेलं नाही.
मोजणार नाही.
उरलेल्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्यात,
कुणी मागायला आलंच तर.