हैशा, बेडूकराव

सोलापूरला समुद्र नाही.
असलाच तर सकाळी सात-दहाला
मल्लेशमामा येमूलच्या रिक्षात असायचा,
विडी घरकुलापासून कन्ना चौकापर्यंत.
नऊ पोरं, नऊ दप्तरं
आणि आरशाला टांगलेली पाण्याची बाटली.
तिला मामा 'बंदर' म्हणायचा.

तेव्हा टीव्हीवर एक हिरवा बेडूक होता,
टोपीवाला, नाकात बोलणारा.
त्याचं गाणं मिक्सरात घातल्यासारखं पळायचं:
टुण्णक टुण्णक बेडूकराव छत्री विसरले पळा पळा.
बसवराज ते एका दमात म्हणायचा,
तबस्सुम उलटंसुद्धा.

दोन दिवस मामानं ऐकून घेतलं.
तिसऱ्या दिवशी सिग्नलला मागं वळून म्हणाला,
गाणं म्हणताय का शेंगा भाजताय बे?
जहाजावर असं म्हटलं तर
दोर हातात राहील अन् शीड खाली.
गाण्यात ओढायला जागा पाहिजे की.
मी म्हणतो एकटा. तुम्ही फक्त शेवट धरा.

  बेडूकराव निघाले दूर
      हैशा, छत्री विसरली!
  घरी म्हातारी, डोळ्यांत पूर
      हैशा, छत्री विसरली!

तेवढ्यात बेडूक मोठा झाला.
त्याच्या पाठीवर मीठ साचलं,
त्याला कुणाचीतरी पत्रं येईनाशी झाली.
छत्री विसरण्यात हसण्यासारखं काही उरलं नाही,
तरी आम्ही हसत होतो, जोरजोरात,
पाठीमागचा पेपरवाला घंटी वाजवेपर्यंत.

मग इडल्या चोरणारी लठ्ठ मांजर आली.
तिला मामानं खलाशांचं बंड करायला लावलं.
दात घासणाऱ्या यंत्रमानवाला
डेक घासायला दिला.
डेक म्हणजे काय, कुणी विचारलं नाही.
आमच्या मनात ती साळ्यांच्या बोळातली फरशी होती,
सकाळी पाणी मारल्यावर चकाकणारी.

एप्रिलात पुलाच्या चढावर क्लचची वायर तुटली.
साडेअकराचं ऊन, डांबर चपलेला धरत होतं.
मामा हँडलला, आम्ही मागं.
एका हैशाला एक वीत.
चादरींचे गठ्ठे नेणारा टेम्पो थांबला,
त्यातला हमाल उतरला, खांदा लावला
आणि कडवं न विचारता शेवट धरला.
पुलाखालून मालगाडी जात होती.
आम्ही तिच्याकडे बघितलंच नाही.

नागमणीअत्या सुपात विड्या वळता वळता म्हणाली होती,
जहाज? कुठलं जहाज?
कंबर तलावातल्या पायडलच्या होडीत
ओकले होते तुमचे कप्तान, लग्नाच्या वर्षी.
बसवराजनं माझ्याकडे बघितलं, मी तबस्सुमकडे.
दुसऱ्या दिवशी सात-दहाला
आम्ही नेहमीसारखे जहाजात चढलो.

गेल्या साली दादांनी दोन्ही माग काढले.
किलोवर.
सुटं करूनही सांगाडा दारात अडकला.
दादा आतल्या खोलीत जाऊन बसले,
मला म्हणाले, तू बघ.
मल्लेशमामा आला, गुडघ्याला पट्टा बांधून.
लोखंडावर तळवा ठेवून थोडा वेळ थांबला.
नान्ना असाच बीम उचलायचा, म्हणाला, मिलमध्ये,
चौघंजण, एकानं म्हणायचं, तिघांनी ओढायचं.
मी डबा घेऊन जायचो तेव्हा ऐकायचो.
पुढं काही बोलला नाही.
समुद्राचं तर नाहीच.

मग हळू, घसा न खाकरता:
  बेडूकराव निघाले दूर

भंगारवाल्याची पोरं वीस-बावीस वर्षांची,
तो बेडूक त्यांच्या जन्माआधीच बंद झालेला.
पहिल्या ओळीला ती एकमेकांकडे बघून हसली.
दुसऱ्या ओळीला त्यांनी शेवट धरला.
मीसुद्धा.
आतल्या खोलीतून, उशिरा, एकटाच
दादांचा आवाज आला.

माग दाराबाहेर पडला.
जमिनीवर तेलाचा चौकोन राहिला,
कोपऱ्यातला कापूस उडून परत तिथंच बसला.

काट्यावर भरलं
आठशे ऐंशी किलो,
बेडूक धरून.