खरखर थांबली की

पाइनच्या रानात कापलेली गवताची एक पट्टी,
पलीकडे तळं, अलीकडे पत्र्याचं हँगर.
फिनलंडच्या या कोपऱ्यात
आम्ही एवढ्यालाच विमानतळ म्हणतो.

त्या संध्याकाळी मी बाकावर ब्लूबेरी निवडत होते.
शेजारी हातातला जुना रेडिओ,
त्याची खरखर दाबायची चावी
दोन उन्हाळ्यांपूर्वीच निकामी झालेली.
खरखरत होता आपला,
मंद आचेवर काहीतरी विसरून गेल्यासारखा.

मधेच थांबला.
चार सेकंद. पुन्हा खरखर.
पुन्हा थांबला. या वेळी सहा.

तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली.
पलीकडे कोणी नाही, आणि कोणी आहे पण गप्प आहे,
यातला फरक मला झोपेतही कळतो.
ओइवा वर होता, क्लबचं मोटर ग्लायडर घेऊन.
बटण दाबून बोलत होता,
लहर येत होती, शब्द येत नव्हते.
पाकीट पोचत होतं, आत चिठ्ठी नव्हती.

म्हटलं, "ओइवा, ऐकू येत असेल तर दोनदा दाब."
गप्प. खर्र. गप्प. खर्र.
"इंजिन ठीक?" दोनदा.
"वारा आडवा, उत्तरेकडून. पट्टी मोकळी आहे."
दोनदा.
"कॉफी ठेवू?"
यावर इतक्या वेळा दाबलं
की मी मोजायचं सोडलं.

रात्री अकराला आम्ही पॅनेल उघडलं.
जुलैत इथे अकराला अंधार नसतो, डास असतात.
सकारीने आधीच फोनवर
नव्या रेडिओची किंमत काढून ठेवलेली.
बॅटरी तर त्याने गुरुवारीच बदलली होती,
चोर सोडून संन्याशाला सुळी.
जुनी बॅटरी कोपऱ्यात पडून होती, पूर्ण भरलेली.

मी म्हटलं, थांब. आधी विचार, मग पेचकस.
लहर बाहेर जाते, म्हणजे अँटेना सुटली.
त्याला माझं ऐकू येतं, म्हणजे कान शाबूत.
राहिला घसा.
माझा मायक्रोफोन त्याच्या जागी लावला:
तीच गत. बोलते मी, आणि बाहेर बाकावरचा रेडिओ
नुसता आदराने गप्प बसतो.
म्हणजे मायक्रोफोनही नाही. मधली वायर.

मीटरची एक सुई या टोकाला, एक त्या टोकाला.
सकारीला सांगितलं, बोटाबोटाने वाकवत ये.
टूं… टूं… सीटखालून, पट्ट्याच्या कडेने, टूं…
एअरब्रेकच्या निळ्या दांड्यामागे हात गेला
आणि आवाज तुटला.
सोडला, आला. वाकवली, गेला.

वरचं रबर नव्यासारखं, ओरखडासुद्धा नाही.
प्रत्येक उतरणीला ब्रेक ओढताना
दांडा तिला केसभर दाबत आलेला,
किती वर्षं कोण जाणे.
रबर कापलं तर आतलं तांबं हिरवट,
दोन टोकं समोरासमोर,
एकमेकांना कधी टेकणारी, कधी नाही.

नवी वायर, दांड्यापासून चार बोटं लांबून.
डाख लावताना राळेचा वास सुटला,
क्षणभर डासही मागे हटले.
ओइवा सीटवर चढला. मी बाकावर परतले.
"युक्सी, काक्सी, कोल्मे."
एक, दोन, तीन, त्याचा तो कुरकुरा आवाज
तळ्यापर्यंत गेला, तिकडून एक पाणपाखरू ओरडलं.

दुरुस्तीच्या वहीत सकारीने लिहिलं:
वायर बदलली. चाचणी ठीक.
खाली मी सही केली.

मग पॅनेलचे स्क्रू बसवताना ओइवाला विचारलं,
पहिल्यांदा, ते चार सेकंद, काय बोललास?
"उंची सांगितली. नऊशे मीटर."
आणि नंतरचे सहा?
त्याने एक स्क्रू खाली पाडला,
तो शोधायला वाकला,
आणि बराच वेळ सीटखालीच राहिला.
स्क्रू माझ्या बुटापाशी होता.
मी पाय हलवला नाही.