फ्रीजमधली बोडी

जळालेल्या मोटारी भरायचं माझं दुकान, साकोली रोडला.
तिथेच एका कोपऱ्यात मेलेला फ्रीज आडवा पाडला,
वरचा पत्रा कापला, दाराच्या जागी काच बसवली.
तीन वेळा गळला. चौथ्यांदा नाही.
पंपाचं वाइंडिंग घ्यायला आलेला माणूस वाकून पाहतो, विचारतो,
"काहून गा, हा खाता येते का?"

येत नाही.
बोटभर मासा, गाळाच्या रंगाचा,
अंगावर पत्रे ठोकल्यासारखे खवले नसलेले कातडे,
आणि नराच्या थोबाडावर फांद्याच फांद्या,
मिशी ओठावर उगवायची ती चुकून कपाळावर उगवावी तशी.
नागपूरच्या दुकानदाराने नाव इंग्रजीत सांगितलं होतं.
बस लाखनीला पोचेस्तोवर मी ते विसरलो.
पुस्तकलाने पिशवी उजेडात धरली, म्हणाली, "बोराटी."
तेव्हापासून बोराटीच.

पहिली जोडी बोअरच्या पाण्याने गेली,
ते पाणी चहाच्या गंजालाही पांढरं करतं.
मग मोपेडला दोन डबक्या बांधून तलावाचं आणू लागलो.
लाकूडही तिथलंच, आटलेल्या गाळातून ओढलेलं मोहाचं मूळ.
रात्री शटर ओढलं की ऐकू येतं,
खर्र, खर्र,
पॉलिशपेपर घासावा तसं
दोन तोंडं ते मूळ खरवडतात.

दीड वर्ष नुसतं एवढंच.
मे महिन्यात कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून पाणी गार केलं,
आठवडाभर रोज थोडं बदललं,
आणि एका सकाळी सबमर्सिबलच्या उरलेल्या पाइपच्या तुकड्यात
केशरी घोस, भिजवलेल्या मसुरीएवढी अंडी.
मादीला त्याने हाकलून दिलं होतं.
पाइपचं तोंड शेपटीने बुजवून आत तो,
पंख हलवत.
थांबेल असं वाटे. थांबेना.

तिसऱ्या रात्री वादळाने खांब पाडला. लाइन गेली,
हवेची मोटर बंद.
घरी सासरे आलेले होते, फागूजी डहारे,
साठ वर्षं जाळं ओढलेला ढिवर.
मी लोट्याने पाणी उचलून वरून ओतत होतो,
तेवढीच हवा मिसळते.
टॉर्च धरून ते पाइपात पाहत बसले.
"तो बाहेर काहून नाही निंगत?"
"अंडी हायेत."
"मंग खाते काय?"
"काहीच नाही खात. पोरं निंगेपर्यंत."

बराच वेळ टॉर्च हलला नाही.
मग म्हणाले, "पाळीच्या बिळात हात घातला का
मागूर पळून जाये. पन एखादा पळेच ना.
काटा मारे, आनखी आत सरके.
आमी म्हनत होतो, येडा हाय.
धराले सोपा."
अंगठ्यावरचा पांढरा वण त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने चोळला.
"श्रावणात लय भेटत असे येडे."

मी काही बोललो नाही.
त्यांनी लोटा माझ्या हातातून घेतला.
एक वाजता पुस्तकला चहा घेऊन आली, त्यांचा गार झाला.
दोनला मी वायरच्या गुंडाळ्यांवर डोकं टेकलं.
झोपेत ऐकत होतो, पाणी पडतं आहे,
थांबतं, पडतं,
माणूस सवयीने जाळं फेकतो त्या तालात.

लाइन सकाळी साडेनऊला आली.
दहाबारा दिवसांनी पिल्लं काचेला चिकटली,
मुंगीला शेपटी लावावी एवढी.
मी मोजली, त्रेसष्ट.
सासऱ्यांना फोन केला. ते संध्याकाळच्या बसने आले,
चष्मा पुसून, कोडीच्या हिशेबाने,
एकेका विसावर काचेवर बोट टेकवत मोजलं.
"तीन कोडी न् चार," म्हणाले.
"त्रेसष्ट," मी म्हणालो.
"चार. एक त्या बापाच्या पोटाखाली हाय.
तुले नाही दिसनार."