छपरावरची माणसं

दौलतगंजात, मुंगी हार्डवेअरच्या माडीवर
आमचं स्वित्झर्लंड आहे.
अकरा फूट बाय साडेचार. कापसाचा बर्फ,
जो दर मे महिन्यात पिवळा पडतो
आणि दर दिवाळीला आम्ही बदलतो.
सभासद पाच होते. बापट गेल्यापासून चार.
सर्वांत तरुण मी, एकसष्ट.

मुंगी म्हणाले, नवीन माणसं आणा,
नाहीतर माझी सून हे सगळं
वजनावर देईल.

म्हणून मेळ्यात टेबल मांडलं. पत्रकं वाटली.
दोनशे पोरं आली, दोनशे बोटं पुढे झाली,
आणि मी दोनशे वेळा म्हटलं,
हात लावू नको.
वहीत एक रकाना होता: पुन्हा याल का?
सगळ्यांनी हो लिहिलं.
जिना चढून आले तिघं.

एकाला कोपरकरांनी पहिल्याच संध्याकाळी
त्याच्या इंजिनाचा हिरवा रंग कसा चुकलाय
ते पाऊण तास समजावलं.
एकाला सहा रविवार रूळ पुसायला लावलं,
शिस्त म्हणून. आम्हीही पुसले होते.
तिसऱ्याने एका डब्याची किंमत विचारली.
तो उतरला तेव्हाचा चपलांचा आवाज
मला अजून ऐकू येतो,
कारण तो सावकाश उतरत होता,
कुणीतरी हाक मारेल असा.

भूपेन तर सभासद व्हायला आलाच नव्हता.
कंट्रोलर जळला, म्हणून खालच्या मोबाइलवाल्याचा पोऱ्या
सोल्डरिंगची पेन्सिल घेऊन वर आला.
झाकण उघडलं, फुंकर मारली, तार जोडली.
गाडी बोगद्यातून निघाली, पूल ओलांडला,
ठरल्या सेकंदाला फलाटाशी थांबली.
तो हसायला लागला.
"अंकल, ये टाइम पे क्यूँ आती है?"

त्याच्या गावची कधीच नाही आली. कैलारसची.
छोटी लाइन.
चढावर इतकी हळू, की पोरं उतरून
बोरं तोडून पुन्हा चढायची.
"और आपकी छत पे कोई नहीं?"

नियमात बसत नाही, कोपरकर म्हणाले.
आणि मी – मी कॅशियर, मी सहसा बोलत नाही –
एकदम बोलून गेलो
की मी बसलोय त्या छपरावर.
जौऱ्यापर्यंत. बहिणीसाठी स्थळ बघायला,
मांडीवर पेढ्यांचा पुडा, डोळ्यात कोळशाची कणी.
उतरलो तो इतका काळा
की त्या लोकांनी मला आधी हमाल समजून
पाणी अंगणातच दिलं.
या माडीवर एकवीस वर्षं येतोय.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी तो आपणहून आला.
खिशात आगपेटीच्या काड्या, पुडीत मोहरी.
काडीचं अंग, मोहरीचं डोकं,
फेविकॉलने एकेक माणूस छपरावर.
मुंगींनी करवत आणली
आणि आल्प्सचा पूर्वेकडचा कोपरा
कापून टाकला.
तिथे आता चंबळचं बेहड आहे.
पिवळी माती, जुन्या टूथब्रशने ओरबाडलेली.

कोपरकर तीन रविवार पाठ करून बसले.
चौथ्या रविवारी चिमटा पुढे केला.
"तो डावीकडचा पडेल वळणावर.
वाकव त्याला जरा आत."

भूपेन टिकेल असं नाही.
दिवाळीनंतर पुण्याला जाईन म्हणतो,
कुठल्याशा कंपनीत, मामेभाऊ आहे तिथे.
पण परवा तो एका मुलीला घेऊन आला,
त्याच्या मालकाची, नऊ-दहा वर्षांची.
तिने बोट पुढे केलं.
माझं तोंड उघडलं, हात...
"...पुसलेस का?"
तिने फ्रॉकला पुसले
आणि नॉब अख्खा फिरवला.

गाडी कैलारसच्या अलीकडे आडवी झाली.
कुणी ओरडलं नाही.
दिवा खाली घेतला, चष्मे चढवले,
आणि आम्ही सहा जण गुडघ्यांवर,
मुंगींच्या फरशीच्या भेगांतून
डोकी वेचत बसलो.