नक्कल विभाग, अमळनेर

खंडपीठाकडून आज तीन गठ्ठे परत आले,
फडकं तेच लाल, गाठी मात्र माझ्या नव्हेत.
तिकडच्या कुणीतरी आवळून बांधल्यात.
सोडवताना नख तुटलं.

पहिला दिवाणी. पारोळ्याच्या पेठेतला
साडेतीन फुटांचा बोळ.
वादी मयत, वारस दाखल.
प्रतिवादी मयत, वारस दाखल.
वारसांतला एक मयत.
बोळ वादीचाच, असं आता ठरलं.
त्यावरून नगरपालिकेची गटार जाऊन बारा वर्षं झाली.
दोन्हीकडचे नातू एकाच रिक्षाने आले,
नकलेचे पैसे निम्मे निम्मे भरले.

दुसऱ्यात नाव नाही.
बालकाचं नाव छापू नये असा कायदा,
म्हणून सव्वीस पानं नुसता 'क्ष'.
क्ष चोपड्याच्या वरचा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा.
आई साक्षीत म्हणाली,
मोहाची फुलं वेचत होते तेव्हा झाला.
दाखल्यावर एक जून.
गुरुजींनी अख्ख्या वर्गाला
एक जून वाटला होता, खाऊ वाटावा तसा.
खाली आम्ही त्याच्या हाडांचे फोटो काढले,
मोठा ठरवला, मोठ्यांच्या कोर्टात उभा केला.
वरून लिहून आलं: वयाचा संशय असेल
तर तो बालकाच्या पदरात टाकावा.
प्रकरण बाल न्याय मंडळाकडे परत.

बालक दुपारी येऊन गेलं.
दाट मिशी, कडेवर मुलगी.
तिने माझ्या टेबलावरची टाचणी उचलली,
तो ओरडला तिच्यावर,
बाप ओरडतो तसा.

तिसरा फौजदारी. हिलाल धुडकू,
नऊ वर्षं नाशिकरोडला.
संशयाचा फायदा देऊन निर्दोष.
आदेशाची शेवटची ओळ:
मुद्देमाल क्रमांक चार, चपलांचा जोड,
मूळ मालकास परत.
कपाटातून काढला. रबर पाघळून लेबलाला चिकटलेलं.
हिलालने पोच लिहून दिली. अक्षर वळणदार,
आत शिकला म्हणे.
पायातल्या नव्या काढून त्या घालून पाहिल्या,
अंगठा तुटला.
तरी टाकल्या नाहीत. पिशवीत ठेवल्या
आणि सुरत पॅसेंजर चुकेल म्हणून घाईने निघाला.

मग केवळबाई उठली.
राजधरची आई. सकाळपासून बाकावर होती,
तो जाईपर्यंत पदर तोंडावर.
"भाऊ, काय लिखेल शे?"
मी वाचून दाखवलं. पंच फितूर,
रक्ताचा नमुना उशिरा पाठवला, जबाबात विसंगती.
इंग्रजीतून मराठीत, मराठीतून अहिराणीत,
विसंगतीपाशी अडलो.
घरी आम्ही हेच बोलतो, तरी शब्द सापडेना.

"मंग मना राजधरले मारं कोनी?"

त्रेचाळीस पानं पुन्हा चाळली.
तो प्रश्न अपिलात नव्हता.

"मना पोऱ्यानं नाव जठे शे, तेच पान दे."
एकच पान देता येत नाही, मी म्हटलं,
नक्कल पूर्ण घ्यावी लागते.
तिने कनवटीतून नोटा काढल्या, मोजून माझ्यापुढे ठेवल्या,
मग पुन्हा मोजल्या.
"वर आखो कोन शे?"
दिल्ली, मी म्हटलं.
तिने वर पाहिलं.
पंखा होता. त्याच्या दांडीवर चिमणीच्या काड्या,
म्हणून महिनाभर आम्ही तो लावत नाही.

घाम पुसून शिक्का मारला
तर तारीख कालचीच उमटली.
खोडली. आद्याक्षरी केली. आजची लिहिली.